टेक्सासमधली सेमी-ऑटो रायफल कॅलिफोर्नियात आणायचीय? आधी कागद, मग पाना: पूर्ण प्रोसेस

ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनहून जॉब बदलून बे एरियात येणारे आपले लोक बरेच आहेत, आणि त्यातल्या काहींना टेक्सासमध्ये रानडुकरांच्या शिकारीची आवड लागलेली असते, घरात एक एआर पॅटर्नची (एआर-१५ सारखी) सेमी-ऑटो, म्हणजे दर ट्रिगरला एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारी रायफल असते, तीस राउंडची मॅगझिनं असतात, एखाद्याकडे सायलेन्सरही असतो. तिकडे हे सगळं सर्रास चालतं. तीच बॅग जशीच्या तशी गाडीत टाकून ॲरिझोनातून कॅलिफोर्नियाची हद्द ओलांडली की त्याच वस्तूंवर फेलनीचे, म्हणजे गंभीर गुन्ह्याचे चार्जेस लागू शकतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण इथे चूक झाली तर ती दंड भरून मिटत नाही. शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा डिपोर्ट करता येतं, आणि सगळा मामला बॅरलच्या टोकाच्या एका छोट्या नळीवरून किंवा ग्रिपच्या आकारावरून सुरू झालेला असू शकतो.

हे मी शिकारी म्हणून लिहितोय, वकील म्हणून नाही. इथले शस्त्रकायदे कोर्टात सारखे लढवले जातात आणि नियम बदलतात, त्यामुळे निघण्याआधी कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ जस्टिसची साइट स्वतः बघा आणि व्हिसाचा जरा जरी प्रश्न असेल तर इमिग्रेशन वकिलाला फी देऊन विचारा.

सगळ्यात आधी व्हिसा

हा भाग आपल्या लोकांना बंदूक विकणारा दुकानदार नीट समजावून सांगेलच असं नाही. एच-वन बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि आपल्याला लागू होणारा मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेलं व्हॅलिड हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. आता गंमत बघा, टेक्सासने २०१९ मध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला हंटिंग लायसन्सची अट काढून टाकली, त्यामुळे बरेच जण लायसन्स काढतच नाहीत, टेक्सासला चालतं मग कशाला पैसे घाला म्हणून. पण एच-वन बीवाल्याला ते लायसन्स डुकरासाठी नाही, बंदूक घरात ठेवण्यासाठी लागतं!

दुसरं म्हणजे लायसन्सची मुदत. कॅलिफोर्नियाचं वार्षिक लायसन्स १ जुलै ते ३० जून असं चालतं, टेक्सासचं ऑगस्टअखेर संपतं. मधे एक दिवसाचीही गॅप पडली तर त्या दिवशी कपाटातली रायफल बेकायदा ठरू शकते. फोनमध्ये मे महिन्यातच रिमाइंडर लावा. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर ही अट नाही, पण शिकारीला लायसन्स लागणारच. आणि एक, कॅलिफोर्नियात सलग सहा महिने राहिल्याशिवाय हंटिंग लायसन्ससाठी रेसिडेंट धरत नाहीत, तोवर नॉन-रेसिडेंटचं महाग लायसन्स घ्यावं लागतं. पहिल्या सीझनच्या बजेटमध्ये हे धरून ठेवा.

कायदा नक्की कशाला अडवतो

पीनल कोड ३०५१५ हे कलम तोंडपाठ करण्यासारखं आहे. सेमी-ऑटो, सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होणारी), आणि मॅगझिन फिक्स्ड नाही, म्हणजे बटण दाबून निघतं, अशा रायफलवर पुढच्यापैकी एकही गोष्ट असली की ती ‘असॉल्ट वेपन’ होते: ॲक्शनच्या खाली ठळकपणे बाहेर येणारी पिस्तूल ग्रिप, थंबहोल स्टॉक (अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता), घडी होणारा किंवा आत-बाहेर सरकणारा स्टॉक, फ्लॅश सप्रेसर किंवा हायडर (टोकाशी दिसणारी ज्वाला कमी करणारी नळी), पुढची उभी ग्रिप, आणि ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर. एक पुरते, दोन लागत नाहीत. शिवाय फिक्स्ड मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त राउंड मावत असतील तरी ती असॉल्ट वेपन, आणि रायफलची एकूण लांबी तीस इंचापेक्षा कमी असेल तरीही. अशी रायफल नुसती बाळगणं हा वेगळा गुन्हा आणि राज्यात आणणं हा त्याहून मोठा, आणण्याला चार, सहा किंवा आठ वर्षांची शिक्षा आहे. आता रजिस्टर करून घेतो असं म्हणायची सोयही उरलेली नाही, ती खिडकी २०१८ मध्ये बंद झाली.

रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात होणारा प्रकार, यातून सुटतं, म्हणजे सशासाठीची .२२ असेल तर हा फीचर्सचा नियम तिला नाही, फक्त मॅगझिन दहाचं ठेवा. बोल्ट ॲक्शनलाही नाही. आणि ज्यांच्याकडे ब्राउनिंग बार किंवा लाकडी स्टॉकची साधी रुगर मिनी-१४ आहे त्यांना फारसं काही करावं लागत नाही, कारण त्यांचा स्टॉक पारंपरिक आकाराचा असतो, अंगठा वरून फिरतो आणि टोकाला काही लावलेलं नसतं. मिनी-१४ च्या काही टॅक्टिकल मॉडेल्सना मात्र फ्लॅश सप्रेसर येतो, तो बघून घ्या. स्प्रिंगफील्डची एम१ए असेल तर तिथेही तोच मुद्दा, स्टॉक ठीक पण टोक बघा.

पहिली पायरी: लोअर रिसीव्हरवरचं नाव वाचा

टॉर्च घ्या आणि लोअरच्या, म्हणजे ट्रिगर आणि मॅगझिन ज्यात बसतात त्या खालच्या भागाच्या, डाव्या बाजूला कोरलेलं मेक आणि मॉडेल नीट वाचा, फोटो काढा. कॅलिफोर्नियात १९८९ पासून नावानिशी बंदी असलेल्या शस्त्रांची यादी आहे आणि नंतर त्यात एआर आणि एके सिरीजचीही यादी जोडली गेली. कोल्ट एआर-१५, बुशमास्टर एक्सएम१५ अशी नावं त्यात आहेत. तुमच्या लोअरवर यादीतलं नाव असेल तर पुढचं काहीच वाचू नका, ग्रिप बदला, स्टॉक बदला, काही उपयोग नाही, ती रायफल या राज्यात येऊ शकत नाही. टेक्सासमध्येच लायसन्सवाल्या डीलरकडे विकून या. जीव तुटतो हे मान्य, पण हा विषय तिथेच संपतो.

दुसरी: घरी काय ठेवून यायचं

दहापेक्षा जास्त राउंडची मॅगझिनं आणायची नाहीत. तीसचं मॅगझिन रिव्हेट मारून कायमचं दहाचं करता येतं हे खरं आहे, कायद्यात ‘कायमस्वरूपी बदल’ असा शब्द आहे, पण ते पुरेसं कायमस्वरूपी आहे की नाही हे रस्त्यावर पोलिसाला पटवत बसण्यापेक्षा कंपनीचंच दहाचं मॅगझिन नवीन घ्या, फार महाग नसतं. सायलेन्सर कॅलिफोर्नियात सामान्य माणसाला बाळगता येत नाही, फेडरल टॅक्स स्टॅम्प, म्हणजे केंद्र सरकारची रीतसर परवानगी असली तरी नाही. शॉर्ट बॅरल रायफलचंही तेच, बॅरल सोळा इंचाच्या आत नको. रात्री डुक्कर मारायला इन्फ्रारेड प्रकाश टाकणारा नाइट व्हिजन स्कोप घेतला असेल तर तोही इथे गुन्हा आहे. थर्मलचा विषय वेगळा आहे, पण शिकारीला वापरण्याआधी त्या वर्षीचं फिश अँड वाइल्डलाइफचं नियमपुस्तक वाचा.

आणि रायफलवरून काढलेले पार्ट, म्हणजे जुना फ्लॅश हायडर, जुनी ग्रिप, सरकता स्टॉक, हे रायफलच्याच बॅगेत टाकून आणू नका. टेक्सासमध्येच मित्राला द्या किंवा विका. उगाच कुणाला शंका घ्यायला जागा कशाला ठेवायची.

तिसरी: रस्ता ठरवा, फीचरलेस की फिक्स्ड मॅगझिन

एआर कायदेशीर करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मॅगझिन निघणारंच ठेवायचं आणि वरची सगळी फीचर्स काढायची, याला सगळे ‘फीचरलेस’ म्हणतात. दुसरा म्हणजे मॅगझिन असं लॉक करायचं की ॲक्शन उघडल्याशिवाय, म्हणजे अपर आणि लोअर एकमेकांपासून सुटल्याशिवाय ते निघणारच नाही, मग पिस्तूल ग्रिप आणि सरकता स्टॉक ठेवता येतो, दहाची मर्यादा आणि तीस इंच लांबी मात्र पाळायची. आधी बुलेट बटण नावाचा प्रकार चालायचा, गोळीच्या टोकाने दाबून मॅगझिन काढायचं, २०१७ पासून त्याला फिक्स्ड धरत नाहीत, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तो लावू नका.

रेंजवर नुसतं टार्गेट मारणाऱ्याला फिक्स्ड आवडेल, पण शिकारीला माझं स्पष्ट मत फीचरलेसच्या बाजूने आहे, आणि कारण सेफ्टीचं आहे. शिकारीत तुम्ही दिवसभर बंदूक भरता आणि रिकामी करता, कुंपण ओलांडायचंय, रिकामी करा, ट्रकपाशी आलात, रिकामी करा. मॅगझिन एका बोटाने निघालं की चेंबर बघायला दोन सेकंद लागतात. फिक्स्डमध्ये प्रत्येक वेळी मागची पिन ओढून ॲक्शन उघडायची, आणि काडतूस अडकलं तर अपर उघडता उघडत नाही, राउंड आत, बोल्ट अर्धवट मागे, अशा अवस्थेत डोंगरउतारावर उभं राहून झटापट करणं मला अजिबात मान्य नाही.

चौथी: बॅरलचं टोक

रायफल रिकामी करा, मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे लॉक, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. गोळ्या दुसऱ्या खोलीत.

स्टँडर्ड एआरवर येतो तो पिंजऱ्यासारखा ए-टू हा फ्लॅश सप्रेसर आहे, तो जायलाच हवा. पण पाना लावण्याआधी बॅरल किती लांब आहे ते शोधा. काही रायफलींची बॅरल साडेचौदा इंचाची असते आणि फ्लॅश हायडर पिन मारून वेल्ड करून सोळाच्या वर नेलेला असतो. तो काढला की त्या क्षणी तुमच्या हातात शॉर्ट बॅरल रायफल तयार होते, फेडरल गुन्हा, कुठल्याही राज्यात. असं असेल तर हात लावू नका, गनस्मिथकडे द्या, तो बॅरलच बदलून देईल.

साधी सोळा इंची किंवा जास्त लांबीची बॅरल असेल तर काम सोपं आहे. रिसीव्हर व्हाइसमध्ये थेट आवळू नका, ॲल्युमिनियम आहे, वाकतं, त्यासाठी मिळणारा व्हाइस ब्लॉक किंवा आतून बॅरल एक्स्टेंशन धरणारा रॉड वापरा. मग पान्याने फिरवला की हायडर सैल होईल, मागचा क्रश वॉशर टाकून द्या, तो एकदाच वापरायचा असतो. .२२३ च्या बॅरलला साधारण अर्धा इंच-अठ्ठावीसचे आटे असतात, .३०८ ला पाच अष्टमांश-चोवीसचे, त्याप्रमाणे नवीन पार्ट घ्या. मझल ब्रेक (धक्का कमी करणारा टोकाचा पार्ट) लावता येतो, पण नियम असा आहे की कंपनीने ज्याला फ्लॅश हायडर म्हटलंय, किंवा जो जाहिरातीत फ्लॅश कमी करतो म्हणतो, किंवा प्रत्यक्षात करतो, तो फ्लॅश सप्रेसरच. म्हणून ‘ब्रेक आणि फ्लॅश कमी करणारा’ असले हायब्रिड टाळा. मी तर म्हणेन साधा थ्रेड प्रोटेक्टर लावा, आटे झाकले जातात आणि प्रश्न मिटतो. ब्रेकने आवाज बाजूला आणि मागे येतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचं वाटोळं होतं.

पाचवी: स्टॉक

सरकता स्टॉक एका जागी पिन मारून कायमचा पक्का करता येतो किंवा फिक्स्ड स्टॉक घेता येतो. ए-टू नावाचाच जुन्या पद्धतीचा फिक्स्ड स्टॉक घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा, त्याला लांब बफर ट्यूब (स्टॉकच्या आतली नळी), रायफल लेंथ बफर आणि त्याची स्प्रिंग असा पूर्ण सेट लागतो, नुसता स्टॉक आणून चालत नाही. आहे त्याच कार्बाइन ट्यूबवर बसणारे फिक्स्ड स्टॉकही मिळतात, ते सोपं पडतं. पण नवरा-बायको दोघंही तीच रायफल वापरत असाल तर आधी दोघांनी जाड जॅकेट घालून खांद्याला लावून बघा, कारण एकदा पक्का झाला की लांबी बदलत नाही. बुटक्या माणसाला बसेल अशी लांबी ठेवा, उंच माणूस आखूड स्टॉक सांभाळून घेतो, उलटं जमत नाही.

सहावी: ग्रिप, सगळ्यात नाजूक काम

नियमाची व्याख्या हाताच्या एका भागावर उभी आहे: ट्रिगर हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधला पडदा. गोळी झाडताना तो पडदा ट्रिगरच्या बाहेर दिसणाऱ्या भागाच्या वरच्या टोकाखाली जाऊ शकत असेल तर ती पिस्तूल ग्रिप. म्हणून फिन ग्रिप मिळते, नेहमीच्या ग्रिपला मागे एक उभं पातं असतं जे अंगठ्याला गोल फिरू देत नाही. दुसरा पर्याय थॉर्डसन कंपनीच्या स्टॉकसारखा स्टॉक, जो बफर ट्यूबखालून सरळ उतरतो आणि जुन्या शिकारी रायफलसारखा हातात बसतो.

लावल्यावर हे करून बघा. रिकामी रायफल, नेहमीसारखी पकडा, मग मुद्दाम अंगठा खाली घालायचा प्रयत्न करा, वेगवेगळ्या पद्धतीने, लहान हाताच्या माणसालाही करायला सांगा. पडदा खाली पोचतोय असं वाटलं तर ती ग्रिप नको, स्वस्तातल्या फिनमध्ये हा प्रॉब्लेम येऊ शकतो. फिन ढिली असेल, सहज वाकत किंवा निघत असेल तरी नको.

सवयीचा मुद्दाही आहे. फिन लावली की अंगठा ट्रिगर फिंगरच्याच बाजूला येतो, आणि एआरची सेफ्टी तर उजव्या हाताच्या माणसासाठी डाव्या बाजूला असते. म्हणजे अंगठा सेफ्टीपर्यंत पोचत नाही, माणूस पकड सोडून हात फिरवतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना लिव्हर असलेली ॲम्बी सेफ्टी बसवणं, ती फीचर नाही, कायद्याला तिचं काही घेणंदेणं नाही, आणि माझ्या मते फिन ग्रिपबरोबर ती असायलाच हवी. मग घरी रिकाम्या रायफलवर सेफ्टी चालू-बंद करायची सवय करा, पातळ ग्लोव्ह्ज घालूनही, कारण मॉन्टेरे, सॅन लुईस ओबिस्पोकडे पहाटे गवत ओलं असतं आणि बोटं गारठलेली असतात.

पुढच्या हँडगार्डला उभी ग्रिप असेल तर काढा. तिरकी अँगल्ड ग्रिप बरेच जण ठेवतात, पण ज्या वस्तूवर वाद होऊ शकतो आणि जिचा शिकारीत काही फायदा नाही ती कशाला ठेवायची, साधं हँडगार्ड बास आहे.

सातवी: मोजमाप आणि फाइल

लांबी मोजताना रायफल ज्या सगळ्यात आखूड अवस्थेत फायर होऊ शकते त्या अवस्थेत धरायची, आणि टोकाला लावलेली वस्तू कायमची जोडलेली नसेल तर ती काढून, बॅरलच्या टोकापासून स्टॉकच्या शेवटापर्यंत, बॅरलला समांतर. सोळा इंची बॅरल आणि फिक्स्ड स्टॉक असला की तीसच्या वर आरामात जातं, तरी मोजा आणि टेप लावलेला फोटो काढा. सगळ्या पार्टच्या पावत्या, आधीचे-नंतरचे फोटो, गनस्मिथचं बिल, हे एका फोल्डरमध्ये ठेवा, प्रिंट रायफलच्या केसमध्ये.

हे सगळं राज्याच्या हद्दीबाहेर पूर्ण करून मगच निघायचं. ‘तिकडे पोचलो की वीकेंडला बदलतो’ हे चालत नाही, कारण आणणं हाच गुन्हा आहे. प्रवासात रायफल रिकामी, कुलूपबंद हार्ड केसमध्ये, डिकीत, गोळ्या वेगळ्या. मूव्हर्सच्या ट्रकमध्ये देऊ नका.

राहायला आल्यापासून साठ दिवसांच्या आत राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ जस्टिसला न्यू रेसिडेंट रिपोर्ट द्यायचा असतो, ऑनलाइन होतो, थोडी फी आहे. फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षाही आल्याआल्या देऊन टाका, तीस प्रश्न, तेवीस बरोबर आले की पास, पुढे काही विकत घ्यायचं तर लागतंच.

शहराचेही नियम आहेत, आणि ते बरोबर आपली वस्ती जिथे जास्त तिथेच आहेत. सनीवेलमध्ये २०१३ च्या मेझर सी (मतदारांनी मंजूर केलेला शहराचा नियम) पासून बंदूक वापरात नसताना लॉक करून ठेवणं बंधनकारक आहे आणि चोरी झाली तर ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. सॅन होजेने २०२३ पासून बंदूकमालकाला लायबिलिटी इन्शुरन्सची अट घातलीय. होमओनर्स किंवा रेंटर्स पॉलिसीत ते कव्हर आहे का हे एजंटला विचारून लेखी घ्या. आणि घरात मुलं असतील तर कायदा असो नसो, सेफच. भारतातून आजी-आजोबा आले की कपाटं उघडली जातात, सामान हलवलं जातं, तेव्हा किल्ली किंवा कोड फक्त तुमच्याकडे.

आठवी: शिकारीला जाण्याआधी झीरो (स्कोपचा नेम जुळवणं) पुन्हा

टेक्सासमध्ये वापरायचात त्या शिशाच्या गोळ्या इथे शिकारीला चालत नाहीत. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात बंदुकीने कुठलाही वन्यप्राणी मारताना शिसं नसलेलीच गोळी लागते, डुकरालाही. कारण काँडोर, म्हणजे इथलं मोठं गिधाड. टाकून दिलेल्या आतड्यांमधले शिशाचे कण खाऊन हे पक्षी मरतात, १९८२ मध्ये जगात फक्त बावीस उरले होते. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅकने गेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांसाठी लोकांनी किती कष्ट घेतले हे ज्याने बघितलंय त्याला हा नियम जाच वाटणार नाही. मला तर हा इथला सगळ्यात पटणारा नियम वाटतो.

तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तुमच्या बॅरलच्या ट्विस्टला, म्हणजे आतल्या पिळाला ती आवडेलच असं नाही (एकाला सात म्हणजे सात इंचांत एक फेरा). एकाला सात किंवा एकाला आठ ट्विस्टच्या .२२३ ला सहसा अडचण येत नाही, जुन्या एकाला बारावाल्याने हलकी गोळी घ्यावी. दोन-तीन वेगवेगळ्या ब्रँडचा एकेक बॉक्स घ्या, रेंजवर शंभर यार्डावर तीन-तीनचे ग्रुप मारा, जो घट्ट येईल त्यावर स्कोप झीरो करा. टोकाचा पार्ट आणि स्टॉक बदलल्याने झीरो सरकलेला असतोच. त्याच दिवशी दहाचं मॅगझिन पूर्ण भरून, अर्धं भरून, फीडिंग नीट होतंय ना, शेवटच्या राउंडनंतर बोल्ट मागे राहतोय ना हे बघा. नवीन बफर टाकला असेल तर हे बघायलाच हवं.

डुकरांसाठी १ जुलै २०२४ पासून प्रत्येक डुकराचा टॅग बंद झाला, आता हंटिंग लायसन्सबरोबर एक वाइल्ड पिग व्हॅलिडेशन घ्यायचं, वर्षभर चालतं. मॉन्टेरे काउंटीत १९२० च्या दशकात युरोपियन रानडुकरं सोडली होती, ती आधीच्या मोकाट डुकरांत मिसळली आणि आता सेंट्रल कोस्टभर पसरलीत, पण बहुतेक चांगली जमीन खाजगी रँचची आहे. रँचवाल्याशी बोलताना रायफल कुठली हे आधीच सांगा, फीचरलेस आहे, गोळी तांब्याची आहे, म्हणजे गेटवर प्रश्न येत नाही. काही रँच सेमी-ऑटो अजिबात चालवून घेत नाहीत, तिथे बोल्ट ॲक्शन न्या.